वरच्या कमानीचं माप

एका म्हाताऱ्या दंतवैद्याकडे एकदा एक शिष्या शिकायला राहिली. वाकडे दात सरळ करण्यात म्हाताऱ्याचा हातखंडा. जीभ मात्र तिखट. शिष्या हुशार होती, आणि आपण हुशार आहोत हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एके सकाळी एक बाई मुलाला घेऊन आली. पोराचे वरचे दात एकावर एक चढलेले.

"मॅडम, हा हसताना तोंडावर हात धरतो," आई म्हणाली. "वर्गातली पोरं जगू देत नाहीत."

शिष्येने ठसे घेऊन दोन्ही जबडे प्लास्टरमध्ये ओतले. वरच्या पुढच्या चार दातांची रुंदी मोजून बेरीज केली आणि पुस्तकातल्या सूत्राने वरच्या दातांची कमान किती रुंद हवी ते काढलं. पोराची कमान सहा मिलिमीटर कमी भरली. टाळूला स्क्रूची पट्टी बसवायची, किल्ली फिरवत कमान रुंदावायची, की दात ओळीत. उद्याच बसवू, असं तिने आईला सांगूनही टाकलं.

संध्याकाळी म्हाताऱ्याने आकडे वाचले. मग बारीक करवत काढली आणि प्लास्टरच्या वरच्या जबड्याचा एकेक दात कापून सुटा केला.

"सर, दिवसभराची मेहनत होती ती."

"दिसतंय. आता हे दात मेणावर लाव. कमान तुझ्या आकड्याइतकी रुंद."

तिने लावले. प्रार्थनेला उभ्या केलेल्या रांगेसारखे सरळ. तिला मनातून बरं वाटलं. तेवढ्यात म्हाताऱ्याने प्लास्टरचा खालचा जबडा पुढे सरकवला.

"मिटव."

वरच्या दाढा खालच्यांच्या बाहेरून उतरल्या. दाढेवर दाढ टेकेना. डबा एकाचा, झाकण दुसऱ्याचं.

"हसेल झकास," म्हातारा म्हणाला. "भाकरी मात्र तू चावून देत जा."

शिष्येचा चेहरा उतरला. "म्हणजे मोजूच नये?"

"मोजावं. न मोजता किल्ली फिरवणारा वैद्य नव्हे, कसाई. तुझी बेरीज बरोबर आहे. पण सूत्र ज्याने बांधलं, त्याने परमुलखातली तोंडं मोजली होती; या पोराचं तोंड त्यात नव्हतं. आकडा सांगतो, दातांना जागा किती हवी. ती मिळेल किती, हे खालचा जबडा सांगतो. त्याला तू विचारलंच नाहीस. बेरीज जुळली की माणूस विचारायचं थांबतो, तिथेच घात होतो."

शिष्या पुन्हा मेणाशी बसली. दाढेवर दाढ नीट टेकेपर्यंत तिने कमान आत घेतली. रुंदी निम्मीच वाढवता येत होती. उरलेली जागा दातांच्या कडा केसभर घासून निघणार होती. म्हाताऱ्याने पाहिलं आणि करवत पुसून ठेवली.

सकाळी मुलगा खुर्चीत बसला आणि सवयीने त्याने आ केला.

"उघडू नकोस," ती म्हणाली. "आधी दात मिट."

"मिटल्यावर तुम्हाला काय दिसणार?"

"काल बघायचं राहिलं ते," ती म्हणाली, आणि दिवा जवळ ओढून खाली वाकली.