कुंभाराच्या अंगणातला थोरला कुत्रा

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक कुंभार आणि त्याची बायको राहत होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात एक शेळी, तिचं लहानगं करडू, पाच-सहा कोंबड्या आणि एक म्हातारी मांजर होती. दोघांचा सगळा जीव त्यांच्यातच गुंतलेला असे.

एकदा मेंढ्या घेऊन निघालेला एक धनगर त्यांच्या दारी पाणी प्यायला थांबला. त्याच्याबरोबर वासराएवढा उंच कुत्रा होता. पाय अधू झाल्यामुळे त्याला आता कळपाबरोबर चालवत नव्हतं. याला ठेवून घ्याल का, असं धनगराने विचारलं. कुंभारणीने कुत्र्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि ती हो म्हणाली.

पण कुत्र्याने अंगणात पाऊल टाकलं मात्र, कोंबड्या कौलांवर उडाल्या आणि मांजर माळ्यावर जाऊन बसली. शेळी तर भीतीने पान्हा चोरू लागली. करडू अर्धपोटी राहू लागलं. एवढं मोठं जनावर आपल्या घरात मावायचं नाही, कुणाला तरी देऊन टाकू, असं कुंभार रोज म्हणू लागला.

“त्याला आपलं घर नवं आहे आणि आपल्या घराला तो,” कुंभारीण म्हणाली. “थोडे दिवस द्या दोघांना.”

तिने कुत्र्याला कुंपणाजवळच्या लिंबाखाली बांधलं. शेळीचं अंग पुसलेलं फडकं ती त्याला हुंगायला देई आणि त्याचं अंग पुसलेलं फडकं गोठ्यात नेऊन टाकी. आधी घरच्या जनावरांना खायला घाली, मग त्याला. तोही मुकाट्याने वाट पाही.

असे बरेच दिवस गेले. एका सकाळी करडू गोठ्यातून सुटलं आणि थेट लिंबाखाली गेलं. कुत्रा उठून उभा राहिला. कुंभार चाकावरून उठला आणि दांडकं घेऊन धावला. त्याने हात उगारला, तोच कुंभारणीने त्याचं मनगट धरलं.

“मारू नका. आधी बघा,” ती हळूच म्हणाली.

कुत्र्याने करडाकडे पाहिलं. मग अधू पाय सावरत तो सावकाश खाली बसला आणि त्याने हनुवटी जमिनीला टेकवली. करडाने त्याचा कान हुंगला, थोडा चावून पाहिला आणि मग ते त्याच्या पोटाला टेकून बसून राहिलं. गोठ्यातून शेळीने एकदा साद घातली. मग तीही शांत झाली.

“मारलं असतं, तर मी या कुत्र्याला कायमचा मुकलो असतो,” कुंभार म्हणाला. त्याने दांडकं टाकलं आणि स्वतःच्या हाताने कुत्र्याच्या गळ्यातली साखळी सोडली.

पुढे शेळी पुन्हा मोकळेपणी दूध देऊ लागली. सगळ्यांत उशिरा आली ती मांजर. थंडीतल्या एका दुपारी ती माळ्यावरून उतरली आणि कुत्र्याच्या पाठीला पाठ लावून झोपली. त्यांची झोप मोडू नये म्हणून कुंभाराने फिरतं चाक हाताने थांबवलं आणि बायकोला खुणेनेच बाहेर बोलावलं.

तात्पर्य: दार उघडलं की नवा जीव घरात येतो, पण तो घरचा होतो, तो आपण धीर धरल्यामुळे.