चरबी कापणारी कातरबाई

रक्ताला गप्पांची खोड होती, त्या काळातली गोष्ट. एका देहात कातरबाई नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, राहायचं. जखम ओरडली की ती चरबीची चिंधी कापून धाडायची. चिंधी पोचली की जखम भरायची.

एकदा पोटातल्या गाठीनेही गळा काढला. "कातरबाई, मलाही लागलंय हो!" कातरबाई भोळी, कापून देत राहिली आणि गाठ फुगत गेली.

शेवटी औषध आलं आणि कातरबाईच्या पात्यांत खुंटीसारखं रुतून बसलं.

"अहो, मी फक्त हाकेला ओ दिली!"

"ठाऊक आहे, बाई. पण गाठ हाताला लागत नाही, तू लागतेस."

गाठ खंगली. मग टाच चिरली. "कातरबाई, लागलंय!" तिने सगळा जोर लावला, पण पातं हललं नाही. टाच विव्हळतच राहिली. निदान जिवाला घोर नको, म्हणून कातरबाई तिलाच खोटारडी म्हणू लागली.