बोथट सुरीचा गरीबपणा

विळ्या-सुऱ्या बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. एक बोथट सुरी धारदार सुरीला रोज ऐकवायची, "माझ्यामुळे आजवर कुणाला खरचटलंही नाही!"

म्हणून आईने सहा वर्षांच्या कावेरीला टोमॅटो चिरायला तीच दिली.

"आई, कापतच नाही गं!"

"जोर लाव," आई म्हणाली.

कावेरीने जोर लावला. सुरी सालीवरून घसरली ती थेट अंगठ्यात घुसली.

"टोमॅटोच हलला," सुरी पुटपुटली.

विळी म्हणाली, "टोमॅटोपुढे गरीब गाय, आणि पोरीच्या अंगठ्यावर बरी धार चढली!"

जखम भरल्यावर आईने कावेरीला धारदार सुरी दिली आणि बोटं आत मुडपून टोमॅटो धरायला शिकवलं. पटापट चकत्या पडल्या.

बोथट सुरी आता डब्यांची झाकणं उचकटते आणि प्रत्येक झाकणाला सांगते, "माझ्यामुळे आजवर कुणाला खरचटलंही नाही."