म्हादबाची खुंटी

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. खोटी निघाली तर माझी जीभ झडो. माझ्या पणजोबांनी हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आता पणजोबांना त्या वयात फारसं दिसत नव्हतं, आणि ते त्या गावचेही नव्हते, हे निराळं. पण ऐका.

फार वर्षांपूर्वी, बाभळीची झाडं सुताराला पाहून अंग चोरायची त्या काळी, खडकओहोळ गावात म्हादबा सुतार राहायचा. उभ्या झाडाकडे पाहून त्यात किती दारं आणि किती पाट आहेत ते तो सांगायचा. एकदा त्यानं पाटलांकडे जरा जास्त वेळ पाहिलं, तर आपली तिरडी मापली म्हणून पाटील वर्षभर रुसले होते, असं म्हणतात. गावात काहीही बांधायचं तर पहिली खुंटी म्हादबाच्या हातची. नारळ फुटायचा, म्हादबा मोगरी मारायचा, मगच बाकीच्यांनी कुदळीला हात लावायचा. त्या खुंटीत त्याचा जीव होता.

मग साळूबाई आली. गवंड्याची लेक, नवरा गेल्यावर माहेरी परतलेली. तिनं बापाचं खळं सारवलं, चुन्याची फक्की आणि एक दोरी घेतली, आणि सुतार, लोहार, गवंडी सगळ्यांच्या पोरापोरींना आखणी शिकवू लागली. दोरीला सारख्या अंतरावर गाठी मारून दोन गाठींमधलं एक घर धरून तीन, चार आणि पाच घरांच्या बाजूंचा त्रिकोण ताणायचा, की काटकोन आपोआप येतो. दोरी फिरवून चाकाचा घेर काढला, की तीच दोरी त्या घेराच्या आत बरोबर सहा वेळा बसते, मग चाकाची सहा लाकडं सारखी कापता येतात. "आधी भुईवर नीट उभं करा," ती म्हणायची, "हवेत नंतर." पोरं तिला साळूआई म्हणायला लागली. म्हादबाच्या अंगणातली पोरं एकेक करून तिच्या खळ्यावर गेली. त्यात म्हादबाचा धाकटाही होता.

म्हादबा जळायला लागला. जळायला म्हणजे कसा? त्याच्या पागोट्यातून धूर निघायचा, असं म्हणतात. त्याची बायको येसू म्हणायची, "अहो, चुलीपाशी बसा जरा. सरपण संपलंय."

तो रोज काहीतरी निमित्त काढून खळ्यावर जायचा. स्वतःची दोरी घ्यायचा आणि साळूबाईनं आखलेल्या प्रत्येक चौकोनाचे दोन्ही कर्ण मापायचा. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही सारखे भरले तर चौकोन खरा. ते रोज सारखे भरायचे.

"काय म्हादूदादा, सापडलं का काही?" साळूबाई विचारायची.

"सापडंल की. घाई काय हाय?"

पुढे गावानं ठरवलं, की साळूबाईच्या पोरांसाठी छपराची शाळा बांधायची, आणि तिची आखणी तिनंच करायची. आखणी बिनचूक ठरली तर इथून पुढे गावात पहिली खुंटी साळूबाई ठोकेल.

साळूबाईनं भल्या सकाळी दवातच आखणी केली. चार कोपऱ्यांना चार खुंट्या. दुपारी सगळे भाकरी खायला गेले, तेव्हा म्हादबा गेला, चौथी खुंटी उपटली आणि बोटभर बाहेर सरकवून पुन्हा ठोकली. एवढं बोट पुरे होतं. भाकरी खाऊन गाव परत येणार, आपण सगळ्यांदेखत कर्ण मापणार आणि दोरी बोटभर चुकणार. त्या दिवशी त्याच्या पागोट्यातून धूर निघाला नाही.

गाव जमलं. म्हादबा खाकरला, कमरेची दोरी सोडली, पहिला कर्ण मापला, गाठ मारली. दुसरा मापला.

गाठ खुंटीवर येऊन बसली. केसाचाही फरक नाही.

त्यानं पुन्हा मापलं. पुन्हा तेच. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. चौथ्या कोपऱ्यापर्यंत येईतो सकाळच्या दवात साळूबाईची दोरी भिजली होती. ओली दोरी आखडते. चौथा कोपरा बोटभर आतच पडला होता, आणि म्हादबानं तो बिघडवायला जाऊन नीट करून ठेवला होता. इतक्या दिवसांत बाईची एकच चूक झाली, ती त्यानंच दुरुस्त केली, आणि ते सांगायची सोय नव्हती.

"बोला दादा," पाटील म्हणाले.

म्हादबा दोरीची गाठ सोडत बसला.

साळूबाई मात्र चौथ्या खुंटीपाशी वाकून बसली होती. शेजारी ताजं भोक होतं. तिनं त्यात बोट घातलं, मग आपली दोरी मुठीत दाबून पाहिली, ती अजून दमट होती. "माझी खुंटी या भोकात होती," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "चुकली होती. ही म्हादूदादांची आहे, आणि ही बरोबर आहे. पहिली खुंटी त्यांचीच राहू दे."

खुंटी वाचली. पण म्हादबा घरी जाऊन येसूला म्हणाला, "मोठेपणा बी तिनंच घेतला बघ. तेवढा बी माझ्यासाठी सोडला न्हाई." आणि हसला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दोरी घेऊन खळ्यावर हजर. मरेपर्यंत तो साळूबाईच्या प्रत्येक रेघेमागे लागून राहिला, आणि तिच्या पोरांनी बांधलेलं एकही छप्पर कधी वाकडं झालं नाही, असं म्हणतात.

आता त्या जागी ट्रेड शिकवणारी शाळा आहे. ड्रॉइंग बोर्ड आहेत, सेट-स्क्वेअर आहेत. पण कुणाचाही नकाशा पुरा झाला, की काढणाऱ्यावर जो सगळ्यात जास्त जळतो त्याला शोधून त्याच्याच हातात पट्टी देतात. याला तिथं म्हादबा बसवणं म्हणतात. म्हादबा 'बरोबर' म्हणाल्याशिवाय लाकडाला करवत लागत नाही. अंगणातल्या चौथ्या खुंटीशेजारचं भोक अजून कुणी बुजवलेलं नाही. दर पावसाळ्यानंतर पोरं ते कोरून साफ करतात.

यातलं एक मात्र मी पदरचं घातलं, ते कबूल करतो. पागोट्यातला धूर खरा आहे. खोटं एवढंच, की म्हादबा त्या संध्याकाळी हसला. तो हसला नव्हता.