जयमाला टॉकीजची बॅटरी

धामणखेडच्या जयमाला टॉकीजमध्ये सिनेमा संपला तरी कोणी उठत नाही. पडदा पांढरा होतो, पंखे फिरत राहतात आणि सगळं थिएटर अंधारात गप्प बसून असतं. मग बायकांच्या भागातली एक बाई उभी राहते, हातातली बॅटरी लावते, तिचा उजेड तिन्ही दारांवरून एकदा फिरवते आणि म्हणते, "कौतिका आत होती." तेव्हा कुठे माणसं पायाने चपला चाचपायला लागतात. परगावचा माणूस हमखास गोंधळतो. तो आधीच उठला तर शेजारचा त्याचा सदरा ओढून त्याला खाली बसवतो. असा बसवलेला पाहुणा बाहेर आला की समोरच्या पानठेल्यावर विचारपूस करतो, आणि मोतीरामबुवा पान लावता लावता त्याला पुढची हकीकत सांगतात.

कौतिका ही बायकांच्या भागाची डोअरकीपर. उशिरा येणाऱ्या बायकांना अंधारात बॅटरी दाखवून जागेवर नेऊन बसवायचं, हे तिचं काम. बाई तोंडाची फटकळ होती म्हणे. कोणी वाटेत घोटाळलं तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "काऊन माय, सिनेमा पाहाले आली का मले अडवाले?" वरच्या खोलीत सिनेमाचं मशीन चालवायचा शालिक ढोबळे. त्याच्या भिंतीला वीतभर झरोका होता आणि त्यातून खालचं सगळं दिसायचं, आणि जिन्याकडच्या खिडकीतून बायकांचं दार बाहेरून. दुपारचा डबा दोघं मिळून खात. तिच्या डब्यातला ठेचा अर्धा शालिकच संपवायचा.

असं सांगतात की, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी देवाधर्माचा सिनेमा लागला होता. बायकांचा लोंढा असा की आत पाय ठेवायला जागा नाही आणि बाहेरच्या तर मागे हटेनात. तेव्हा मालकाने स्वतः येऊन बाहेरच्यांना पिटाळलं आणि त्यांची पाठ फिरताच, त्या परत घुसू नयेत म्हणून, बायकांच्या दाराला बाहेरून कडी घातली. पुढे अर्ध्या सिनेमात वायर जळाली आणि पडद्याने पेट घेतला. पुरुषांकडची दोन्ही दारं उघडी होती. बायकांकडे एकच दार, तेही बंद, म्हणून तिथे चेंगराचेंगरी झाली. पाच बायका गेल्या आणि सहावी कौतिका.

दुसऱ्या दिवशी मालक जिना चढून वर आला. आजवर तो कधी वर आला नव्हता. शालिकच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू तर मशीनकडे पाहत होता, शालिक. होय ना?"

"होय, मालक."

चौकशीतही शालिकने हेच सांगितलं. मशीन सोडून दुसरं काही त्याला येत नव्हतं, हेही खरं. पण कडी तर कोणीतरी लावलीच होती. मेलेलं माणूस उलटून बोलत नाही, म्हणून दोष कौतिकावर गेला. दार लावून बाई चहा प्यायला गेली, मग लाजेने आगीत शिरली, असं आधी म्हणत. मग म्हणायला लागले, मुद्दाम लावलं. दोन वर्षांत तर ती भूत झाली आणि आसपासच्या सात गावांत रिकाम्या घरांच्या कड्या वाजवू लागली. तिची पोर विमल कोणाच्या घरी गेली तर बायका तिला दार लोटू देत नसत.

मुंबईच्या लोकांच्या कानी हे गेलं आणि त्यांनी 'कडीवाली' नावाचा सिनेमा काढला. त्यात लांब नखांची एक बया हसत हसत कडी लावते आणि बायका जळताना पाहत बसते. सिनेमा तुफान चालला. जिथे कौतिका मेली त्याच टॉकीजमध्ये तो अकरा आठवडे लागला, आणि दिवसाचे चार खेळ दाखवले कोणी? शालिकनेच.

इथे मोतीरामबुवा थांबतात आणि म्हणतात, माणसाचं डोकं कसं नासतं ते पाहा. शालिकने ती कडी इतक्या वेळा लागताना पाहिली की मालकाचा हात त्याला आठवेना. आठवायला बसला की कडीवर नखंच दिसत. कौतिकाचा चेहरा आठवावा तर त्या नटीचा चेहरा पुढे येई. आपण खरंच मशीनकडे पाहत होतो काय, असं तो बायकोला विचारी. ती बिचारी काय सांगणार?

आगीनंतर अठराव्या वर्षी 'कडीवाली'चा दुसरा भाग आला. पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला गाव लोटलं. म्हातारा मालक बाल्कनीत पाहुण्यांना घेऊन बसला होता. विमलही आली होती. यावेळी तरी आपल्या आईला माणसासारखं दाखवलं असेल, या आशेवर ती आली होती म्हणे. दाखवलं तर काय, नखं आणखी वाढली होती.

सिनेमा संपला, लोक उठले आणि दारं उघडेनात. आगीनंतर टॉकीजच्या एकाही दाराला कडी ठेवली नव्हती, तरी उघडेनात. गड्यांनी खांदे लावले. कापड जळल्याचा वास यायला लागला, पण धूर कुठे दिसेना. पोरं रडू लागली. मालक वरून ओरडत होता, "दार तोडा!"

शालिकने मशीनला हात लावून पाहिला. मशीन थंड होतं. त्याने झरोक्यातून खाली पाहिलं तर बायकांच्या भागात एक बॅटरी रांगेरांगेतून फिरत होती, कोणाला तरी वाट दाखवत असल्यासारखी. हे आजचं की त्या दिवशीचं, तेच कळेना. कारण त्या दिवशीही दार लागल्यावर, आग भडकल्यावर हा उजेड त्याने असाच आत फिरताना पाहिला होता. जिची बॅटरी आत होती, ती बाहेरून कडी कशी लावेल? एवढी साधी गोष्ट, पण अठरा वर्षांत ती त्याने मनात येऊ दिली नव्हती.

खालून विमल ओरडली, "शालिककाका, तुम्हाले वरून सगळं दिसते. सांगा, दार कोणं लावलं होतं?"

शालिकने झरोक्यात तोंड घातलं. "मालकानं लावलं! म्या पाह्यलं! कौतिका आत होती, ती बायकाईले वाट दाखवत होती!"

आणि दारं उघडली.

आता यावर गावात एकमत नाही. कोणी म्हणतं, लाकूड फुगलं होतं, रेट्याने सुटलं. कोणी म्हणतं, बॅटरी विमलच्याच हातात होती. कोणी शपथेवर सांगतं की विमल रिकाम्या हाताने आली होती. बुवा कोणाचीच बाजू घेत नाहीत. मालक मात्र त्या दिवसानंतर टॉकीजची पायरी चढला नाही.

शालिक जिन्यावरून खाली आला. विमल आता पाया पडेल, निदान रडेल तरी, असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "एवढंच होतं, काका? एवढं सांगाले अठरा वर्षं लागले?"

पुढे गावाने ठरवलं की दर खेळानंतर बॅटरी लावायची आणि कौतिकाचं नाव घ्यायचं. पहिला मान विमलला द्यायला मंडळी गेली. तिने त्यांना चहा पाजला आणि सरळ नाही म्हणाली. "माही माय आत होती हे मले आधीच मालूम होतं. ज्या घरचा माणूस पाहून गप बसला, त्या घरच्या बाईनं सांगावं."

शालिक त्यानंतर बरीच वर्षं जगला. आपण कौतिकासाठी बोललो की दार उघडावं म्हणून, याचा उलगडा त्याला शेवटपर्यंत झाला नाही, असं म्हणतात. आजही ती बॅटरी ढोबळ्यांची सून लावते. सासरा दार अडल्यावर जे बोलला, ते ती तिन्ही दारं सताड उघडी असताना रोज बोलते.