पाय धुणाऱ्या राणीची कहाणी

ऐक ग वाटेच्या आई, तुझी कहाणी. बायांनो, हातात अक्षता घ्या, बांगड्यांची किणकिण जरा थांबवा, आणि ऐका.

वाळवंटाच्या पल्याड, खजुरांच्या राईत, आटपाट नगर होतं. तिथं एक राजा होता. भोवतालचे सगळे मुलूख त्यानं जिंकले होते. वर्षातून एकदा सगळ्यांनी नजराणा आणायचा, असा त्याचा शिरस्ता. कुणी उंटावरून ऊद आणी, कुणी हस्तिदंत आणी, कुणी जांभळी वस्त्रं आणी. जो मुलूख रिकाम्या हातानं येई, त्याच्यावर फौज जाई.

एका वर्षी डोंगराकडच्या गरीब मुलखानं बदाम दिले, मध दिला, आणि पुरेना म्हणून एक मुलगी दिली. तिचं नाव यमीमा. निघताना आईनं तिला पोटाशी धरलं. म्हणाली, "लेकी, सोनं द्यायला माझ्यापाशी नाही, एक वसा देते. घेशील?"

"वसा कसला ग आई?"

"सांगते. पण उतशील, मातशील, टाकून देशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

मग आई म्हणाली, "तुझ्या दारी कुणी ओझं घेऊन आलं, तर आधी ओझं पाहू नये. त्याचे पाय धुवावे, पाणी पाजावं, घरी कोण कोण आहे ते विचारावं. मग ओझं सोडावं. हीच वाटेच्या आईची पूजा. तिला दुसरं काही लागत नाही."

यमीमा नगरात आली, राजाच्या मनात भरली, राणी झाली. नजराण्याचे दिवस आले. पहिल्या वर्षी राणी परात-तांब्या घेऊन वेशीत बसली, ओझेकऱ्यांचे पाय धुतले. दुसऱ्या वर्षी बसली. दासी तोंडाला पदर लावून हसल्या. तिसऱ्या वर्षी सासू म्हणाली, "सूनबाई, तू हमालांचे पाय धुणार, मग सिंहासनावर कोण बसणार? मी?" राणीला लाज वाटली. वसा राहून गेला. मग अंगावर दागिने चढले, मनात तोरा चढला. ओझी उघडायची, वाखाणायची, कोठारात टाकायची. आणणारा कोण, ते तिनं पाहिलंच नाही. तुम्ही हसू नका ग. सकाळी भाजीवाली पाटी उतरवते, तेव्हा आपण तरी आधी भाजीच चिवडतो.

असं करता करता एका वर्षी माहेरच्या मधाची घागर आली. राणीनं बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं. मग घागरीच्या तोंडाचं निळं फडकं दिसलं. ते आईच्या अंगावरचं होतं, कडेचं ठिगळ लहानपणी हिनंच शिवलेलं. तरणी माणसं राजाच्या फौजेत नेलेली, म्हणून घागर घेऊन म्हातारीच आली होती.

राणी धावत सुटली. पहिल्या दरवाज्यावर विचारलं. "एक म्हातारी होती खरी. पाणी मागत होती. आम्ही म्हटलं, पुढं हो." दुसऱ्या दरवाज्यावर विचारलं. "जरा टेकू का म्हणाली. आम्ही म्हटलं, पुढं हो." तिसऱ्या दरवाज्यावर विचारलं. "राणी दिसेल का म्हणाली. आम्ही हसलो." पुढं नुसता रस्ता होता. यमीमा धुळीत बसून रडली.

मग तिला अन्न गोड लागेना, शेजेवर झोप येईना. म्हणाली, "वाटेच्या आई, मी उतले, मी मातले. वसा पुन्हा घेते. एकदा माझी माय दाखव."

वर्ष सरलं. राणी परात घेऊन वेशीत बसली. दासी हसल्या, उठली नाही. सासू रागावली, उठली नाही. उदवाले आले, त्यांचे पाय धुतले. हस्तिदंतवाले आले, त्यांचे पाय धुतले. "घरी कोण कोण आहे?" विचारलं, तर एक दांडगा उंटवाला तान्ह्या लेकीचं नाव घेऊन रडला. सगळे मुलूख आले, माहेर आलं नाही.

राजा वेशीत आला. म्हणाला, "तुझ्या माहेरचा नजराणा नाही. फौज निघेल."

"महाराज, दिवस मावळेपर्यंत थांबा. एवढंच मागते."

दिवस कलला. मग काठी टेकत एक म्हातारी आली. हात रिकामे. पहारेकऱ्यांनी भाले आडवे धरले. राणीनं ओळखलं, पण आधी वसा. भाले बाजूला सारले, म्हातारीला बसवलं, पाय परातीत घेतले. भेगांतून रक्त येत होतं. हळूहळू पाणी घातलं, प्यायला दिलं, मग विचारलं, "घरी कोण कोण आहे?"

"कोणी नाही ग बाई, मी एकटी. टोळधाड आली, बदाम गेले, फुलं गेली, माश्या गेल्या. द्यायला काही उरलं नाही, तेवढं राजाला सांगायला आले. आणि तू दिसलीस तर बघायला."

राजा म्हणाला, "म्हणजे रिकाम्या हातानं आली. हिनं आणलं काय?"

राणीनं मान वर केली नाही. म्हणाली, "मला आणलं, महाराज. नऊ महिने पोटात वाहिलं, मग कडेवर वाहिलं, मग तुमच्या दारी दिलं. त्या ओझ्यासाठी हिचे पाय आजवर कुणी धुतले नाहीत."

राजा पुढं झाला. मग मुकुट उतरवला, धुळीत बसला, राणीच्या हातचा तांब्या घेतला. पाय धुतले. विचारलं, "आई, घरी कोण कोण आहे?"

म्हातारी लेकीकडे पाहून हसली. म्हणाली, "आता जावई आहे."

फौज निघाली नाही. डोंगरात बियाणं गेलं, तरणी माणसं घरी गेली. जशी यमीमेला तिची माय भेटली, तशी ज्यांची त्यांना भेटो. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी खाली उतरवली, सुफळ झाली, संपूर्ण झाली. टाका अक्षता.