अजिबात वारा नसलेला दिवस

“मग रामेश्वरला मला नेताय का नाही, गुरुजी?”

प्रणिताने सायकलवर बसल्या बसल्याच विचारलं. सांगोल्याच्या बाहेर, मंगळवेढ्याच्या रस्त्यावर, नुकतं उजाडत होतं.

बाबर गुरुजी चाक दाबून हवा बघत होते. सायकलवर निम्मा देश पाहून आलेला हा म्हातारा दरवर्षी दिवाळीनंतर लांबच्या वाटेला लागे आणि सोबतीला एकालाच नेई. त्या एका जागेसाठी प्रणिताची झोप उडाली होती.

“आज मंगळवेढ्याला जाऊन येऊ,” गुरुजी म्हणाले. “मग सांगतो.”

“मंगळवेढा?” तिला हसूच आलं. “गुरुजी, जिल्ह्यात पहिली आलीय मी शर्यतीत!”

“व्हय, ऐकलंय...”

श्रावणातला रिकामा रस्ता. चिटपाखरू नाही. प्रणिता वारं प्यालेल्या वासरासारखी उधळली. पायडल मारायचा अवकाश, सायकल आपणहून पळत होती! दोन्ही बाजूंची बाजरी पूर्वेला, ती चालली होती तिकडेच, वाकली होती. तिला वाटलं, बाजरीसुद्धा आपल्याला वाट दाखवतेय. आनंदाने ओरडावंसं वाटलं, आणि ती ओरडलीही. बांधावरच्या एका म्हशीने तेवढी मान वर केली.

मंगळवेढ्याच्या टपरीत ती चहा प्यायला बसली. कप अर्धा व्हायच्या आत गुरुजीही पोचले. सत्तरीचा माणूस आपल्यामागे एवढ्या लवकर कसा आला, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. पडला नाही.

“बघितलंत ना? दम लागला नाही, पाय दुखले नाहीत. उद्या निघायचं म्हणालात तरी तयार आहे मी! आणि नशीब कसं, आज वारा अजिबात नव्हता.”

“नव्हता?”

“कानाला कुठं लागला?”

गुरुजींनी बशीतल्या चहावर फुंकर मारली...

परत निघताना तिने सायकल वळवली आणि वारा फाडकन तोंडावर बसला.

“अगं बाई! हा कुठनं आला?”

“सकाळपासनं हितंच हाय की.”

तिने दात-ओठ खाऊन जोर लावला. मग आणखी जोर लावला. निम्म्या वाटेत मांड्या दगड झाल्या, सायकल डुगडुगायला लागली. रामेश्वर हातचं गेलं, हे तिला कळून चुकलं. रडू यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात गुरुजी बाजूने पुढे आले.

“माझ्या चाकाला चिकटून ऱ्हा.”

ती चिकटली. आणि काय आश्चर्य! कानातला घोंगाट थांबला, पाय हलके झाले.

“गुरुजी, वारा पडला!” ती आनंदाने ओरडली.

गुरुजींना बोलायला दमच नव्हता.

तिने पुढे पाहिलं. गुरुजींचा सदरा पाठीवर फडफडत होता. मान खाली होती, आणि ती कशीबशी वर येत होती, पुन्हा खाली जात होती...

रस्त्याकडेची बाजरी अजूनही पूर्वेलाच वाकलेली होती.

काही न विचारता प्रणिताने सायकल बाजूला काढली, त्यांना ओलांडलं आणि त्यांच्या चाकापुढे आली.

वारा पुन्हा छातीवर आला. ती हटली नाही. गुरुजींचं चाक मागे पडू नये एवढाच वेग तिने धरला. डोळ्यांतून पाणी, दातांत धूळ, आणि तरी सकाळपेक्षा जास्त मजा येत होती! का, ते तिलाही सांगता आलं नसतं. रामेश्वरचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागा दिसायला लागल्या, तसा मागून गुरुजींचा आवाज आला. चांगला खणखणीत, दम खाल्लेला.

“प्रणिता, वारा पडला गं! रामेश्वरापर्यंत असाच राहू दे.”